आधी खाऊन घे

तिर १३

पोचले एकदाची, आणि खोलीही अगदी मनासारखी मिळाली.

अदिस अबाबात स्वस्तात राहायचं म्हणजे डोकं चालवावं लागतं. नुसती स्वस्त खोली काय, कुणालाही मिळते. मग रात्रभर अंग खाजवत बसायचं. मी पावसाळा सरल्यापासून या मुक्कामाची आखणी करत होते. बसअड्ड्याजवळ उतरायचं नाही, तिथल्या खोल्या तासावर जातात. खाली दारूचं दुकान असेल तिथे नाही. रस्त्याकडची खिडकी नको, मिनीबसवाले उजाडायच्या आधीपासून बोंबलायला लागतात. कुलूप आपलं, चादर आपली, पांघरायला घरचा जाड गाबी. पाणी फक्त सकाळी येतं, म्हणून पिवळा कॅन पहिल्याच दिवशी विकत घ्यायचा. भाडं आठवड्याचं ठरवायचं, आणि ठरवताना खोली आवडल्याचं तोंडावर दिसू द्यायचं नाही. सगळं जमलं. स्वतःचीच पाठ थोपटून घ्यावीशी वाटते.

आदेय पेन्शन, म्हणजे हे लॉज, गुलेलेच्या चढावर आहे. शिरो मेडाचा कापडबाजार इथून चालत गाठता येतो. मी नेतेलांचे काठ भरून विकते, आणि हा तिर महिना म्हणजे लग्नसराई, तेव्हा देस्सेहून एक बाई नेतेला, म्हणजे पांढऱ्या ओढण्या, घ्यायला आली यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नाही. दाखवलेल्या खोल्यांमधली मी वरच्या मजल्यावरची, अंगणाकडची घेतली. तिच्या भिंतीवर कुणीतरी निळं जहाज रंगवलंय. समुद्र कधी पाहिला नसावा बिचाऱ्याने, जहाजाला चाकं आहेत.

मालकीण वैझेरो अस्कालेच, म्हणजे अस्कालेचबाई, तोंडाची फटकळ पण हसरी आहे. एकटीच आलीस, मग नवरा काय देस्सेत कुलपात ठेवलास, म्हणाली. मी म्हटलं, त्याला कुलूप कशाला, चोरणार कोण. हसता हसता तिच्या सोन्याच्या बांगड्या वाजल्या. मी माझं नाव वडिलांच्या नावासकट सांगितलं, वुबित तासेव. तिने मान डोलावली आणि किल्ली दिली.

संध्याकाळी माझ्या लेकीशी, सोस्नाशी, फोनवर बोलले. आजीजवळ मजेत आहे. तिला टाचेत दिवे लागणारे बूट हवेत. जहाजाला चाकं आहेत हे ऐकून इतकी हसली की तिला उचकी लागली.

तिर १४

आज खरं कारण लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

माझा भाऊ गेताहुन गेल्या वर्षी याच महिन्यात याच खोलीत उतरला होता. ड्रायव्हरच्या नोकरीची मुलाखत होती. चाकांच्या जहाजाची गंमत त्यानेच मला फोनवर सांगितली होती. मग त्याला ताप भरला. ज्या दिवशी पेन्शनात लग्नाचं वऱ्हाड उतरायचं होतं, त्याच पहाटे अस्कालेचने त्याला दोघांकरवी उचलून इस्पितळाच्या फाटकाबाहेर बाकावर ठेवलं. नाव नाही, चिठ्ठी नाही, जवळ कुणी नाही. तो तिथेच गेला. बेवारस म्हणून पुरला. कुठे पुरला हेही आम्हाला धड कळलेलं नाही.

हे एक वेळ मी देवावर सोडलं असतं. पुढचं नाही सोडणार. त्याची पिशवी खोलीत राहिली होती. पिशवीतल्या कागदावरचा नंबर लावून अस्कालेचने आईला फोनवर सांगितलं, तुमचा मुलगा वारला, सामान घेऊन जा.

फोनवर! आई तव्यावर इंजेरा घालत होती. एकटी होती, उपाशी होती. आमच्यात दुश्मनालासुद्धा असं सांगत नाहीत. मरणाची खबर म्हणजे मर्दो. आदल्या दिवशी काहीतरी निमित्त काढून माणसाला पोटभर जेवू घालतात, कारण मग त्याच्या घशाखाली घास उतरणार नसतो. परगावी असेल तर नुसतं म्हणतात, अमक्याला जरा ताप आहे, येऊन जा. मग पहाटे वडीलधारी मंडळी नेतेलाचा काठ उलटा करून, तो खांद्यावर घेऊन येतात आणि चारचौघांच्या हातांत त्याला ती खबर देतात. पडला तर धरायला हात असतात. माझ्या आईला धरायला कुणी नव्हतं. तिचा उजवा पंजा तव्यावर पडला. तो अजून नीट मिटत नाही.

आणि या बाईला तासेव हे नाव ऐकून काही आठवलंही नाही.

तिने आम्हाला मर्दोशिवाय मरण दिलं. मी तिला मरणाशिवाय मर्दो देणार आहे. तिचा एकुलता एक मुलगा हब्तामु जिबुतीच्या बंदराच्या वाटेवर मालट्रक चालवतो. त्याच्या केसालाही मी धक्का लावणार नाही. फक्त ती झुरेल. रोज दाराकडे बघेल.

तिर १६

शेजारच्या मुलूकडे कॉफीला गेले. कोपऱ्यावर तिचं किराणाचं दुकान आहे, आणि साऱ्या गल्लीच्या बातम्या साखरेबरोबर तिथूनच जातात. आत शिरण्याआधी मी नेतेलाचा काठ उलटा करून खांद्यावर घेतला. मुलूच्या ते लगेच लक्षात आलं. कोण गेलं गं, असं तिने विचारलं. मी गडबडून काठ सरळ केला. काम जन्मभर काठांचंच केलंय, तेव्हा गडबडले तेही बेतानेच.

पहिला कप झाला. दुसरा झाला. मी हळूच विचारलं, अस्कालेचबाईंचा मुलगा जिबुतीच्या वाटेवर असतो तोच ना. मुलू हो म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे त्यांना अजून कुणी सांगितलं नाही वाटतं. आणि पदर तोंडावर घेतला. काही नाही, मी काही बोललेच नाही.

बस. पुढे एक अक्षर नाही. आमची माणसं अशा वेळी खोदून विचारत नाहीत, ते बरं दिसत नाही. तिने कप खाली ठेवला. हब्तामुचा नंबर लावून पाहिला असेल तर लागला नसणार, त्या वाळवंटात कुणाचाच लागत नाही. खोटं मी बोललेच नाही, ही आणखी एक मजा.

तिसरा कप, बरकतीचा म्हणतात तो, दोघींनी प्यायला नाही.

तिर १८

गल्ली कामाला लागलीय. पाहुण्यांसारखी एकेक बाई अस्कालेचकडे येते, हातात भाकरी नाहीतर शिरोचं, म्हणजे पिठल्याचं, भांडं. कशी आहेस विचारते, उत्तर ऐकायच्या आत नजर खाली घालते. इदिरची, म्हणजे गल्लीच्या मयतमंडळाची माणसं कोपऱ्यावर कुजबुजत उभी असतात. आबाबा मेकुरियांनी तुतारी पुसायला काढलीय म्हणे. मयत झाली की पहाटे तुतारी फुंकत गल्लीभर वर्दी देणारे ते.

अस्कालेचला काही कळत नव्हतं. आज सगळ्यांना माझ्यावर एवढं प्रेम का येतंय, असं मलाच हसून विचारत होती. हसू पुरतं उमटलं नाही.

सोस्नाचे बूट मिळाले. चाललं की टाचेत लाल दिवा लागतो, थांबलं की विझतो. खोका खाटेखाली ठेवलाय.

सकाळी पाण्याचा कॅन भरायला खाली गेले तर अंगणात एक खुंटी ठोकलेली दिसली. मयतीचा मांडव ताणतात तसली, लोखंडी. इदिरवाल्यांनी घाई केलेली दिसते. खुळे कुठले!

तिर २०

अस्कालेचने खुंटी उपटून फेकून दिली होती. आज ती पुन्हा तिथेच होती, आणि पलीकडे आणखी काही. इदिरची माणसं आईची शपथ घेऊन सांगतात की आम्ही नाही. तंबू तर कोठीत कुलपात आहे.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. हातात बांगड्या नव्हत्या. खाटेवर बसली, गेताहुन झोपला होता त्याच खाटेवर, आणि जहाजाकडे बघत राहिली. मुलाचा फोन लागत नाही. मुलू डोळ्याला डोळा देत नाही. मग तिने माझा हात धरला.

"तू बाहेरची आहेस, वुबित. तू तरी खरं सांग. तुझ्या कानावर काही आलंय का?"

एवढ्याचसाठी मी खोली घेतली होती. मी उठले, तिच्यासाठी इंजेराचा तुकडा मोडला, शिरोत बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"आधी खाऊन घ्या," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते मी आईला सांगणार आहे. घास तिच्या हनुवटीवरून खाली पडला. ती भिंतीला धरत धरत जिना उतरली. मी दार लावून घेतलं आणि उरलेलं सगळं जेवले. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

तिर २१

मरियमचा दिवस. अस्कालेच देवळातून परत आली तेव्हा दोघींनी तिला धरलं होतं.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. सकाळी फटफटायच्या सुमाराला अंगणात हातोड्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. एक माणूस पाठमोरा वाकून दोर बांधत होता. अंगात राखी स्वेटर, आणि कोपराशी हिरव्या दोऱ्याने रफू केलेलं.

तो हिरवा दोरा माझा आहे. नेतेलाच्या काठातला उरलेला. तसला टाका मी एकटीच घालते.

मी ओरडले नाही. भीती वाटली का, तर वाटली. पण भीतीपेक्षा जास्त आनंद झाला, खरंच सांगते. त्याला मांडव मिळाला नव्हता. आता तो स्वतःच घालतोय, तिच्या अंगणात. माझा भाऊ माझ्या बाजूने उभा आहे. मी खिडकीतून हळूच म्हटलं, गेताहुन, घट्ट बांध.

तो वळला नाही. पण हात थांबले. ऐकलं त्याने.

तिर २३

खांब उभे राहिले आहेत. कुणी पाहिलं नाही म्हणतात. अस्कालेच खांबांना हात लावू देत नाही, स्वतःही लावत नाही. सगळे पाहुणे खोल्या सोडून गेले. आता वर मी आणि खाली ती.

आबाबा मेकुरिया आले होते. अंगणात उभे राहून खांबांकडे बघत होते. मी सहज विचारलं, समजा खबर खोटी निघाली तर काय करतात. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खांद्याकडे पाहिलं.

"मर्दो निघाला की रिकामा परतत नाही, पोरी. त्याला कुणाचं तरी दार लागतं. आम्ही म्हणून तर आधी चार वेळा खातरी करून घेतो."

म्हातारी माणसं असलंच काहीतरी बोलायची. मी वर आले.

मांडवाचं तोंड अजून ठरलेलं नाही. अस्कालेचच्या दारासमोरच येणार, दुसरं कुठे येईल.

तिर २५

हब्तामु आला.

दुपारी ट्रकचा भोंगा वाजला आणि तो धडधाकट अंगणात उभा राहिला. बंदरात माल अडकला होता, फोन चोरीला गेला होता, काय झालंय, हे खांब कसले, सगळे असे का बघताय. अस्कालेचने त्याचं तोंड, कान, हात, सगळं चाचपून पाहिलं. मग खाली बसून जमिनीवर कपाळ आपटून रडायला लागली. साऱ्या गल्लीतल्या बाया रडल्या. मुलूने मेंढी कापायला सांगितली.

मला वाटलं होतं, आता सगळे माझ्या अंगावर धावून येतील. मुलूने तोंड उघडलंही, पण आबाबा मेकुरियांनी तिचा हात दाबला. मग ते सगळे वर, माझ्या खिडकीकडे पाहायला लागले. चिडून नाही. चिडले असते तर बरं झालं असतं.

झालं माझं. ती झुरली, पुरेशी झुरली. उद्या सामान बांधते, अठ्ठावीसच्या बसने घरी.

गेताहुन, पुरे आता. सोड ते.

तिर २६

कापड चढलंय. खांबांवर, पांढरं, घट्ट ताणलेलं.

तोंड अस्कालेचच्या दाराकडे नाही. तोंड जिन्याकडे आहे. हा जिना फक्त वर येतो, आणि वर फक्त मी आहे.

खाली जाऊन मी दोर सोडायला गेले. गाठी सुटेनात. गाठ माझ्याच टाक्याची, आणि मलाच सुटेना.

बाकं मांडलेली आहेत. कुणी मांडली—

मुलू शिरोचं भांडं घेऊन आली. कशी आहेस म्हणाली आणि नजर खाली घातली. मी तिच्या हातून भांडं घेतलं नाही. ती ते उंबऱ्यावर ठेवून गेली.

तिर २७, सकाळ

आईचा फोन आला. ती स्वतःहून कधी करत नाही, पैसे जातात म्हणून. आवाज गोड होता, फार गोड. कशी आहेस, जेवतेस का वेळेवर. सोस्नाला दे म्हटलं. झोपलीय म्हणाली. सकाळी? जरा ताप आहे गं, म्हणाली, तू ये, घाई नाही, पण ये.

जरा ताप.

मी म्हटलं, आई, माझ्याशी असं बोलू नकोस. मला हे सगळं येतं. काय ते सांग. फोनवरच सांग.

मागे कुणीतरी बायका होत्या. एकीने हुंदका गिळला, मी ऐकलं.

"फोनवर मी काही बोलत नसते, वुबित," आई म्हणाली. "तुला माहीत आहे. आधी खाऊन घे."

तिर २७, दुपार

बस उद्याच आहे. हब्तामु म्हणाला, ट्रकने सोडतो. मग त्याच्या आईने त्याला आत बोलावलं, आणि बाहेर आला तेव्हा म्हणाला, ट्रक बिघडलाय. डोळे लाल.

म्हणजे त्यांना कळलंय. आईने त्यांनाच कळवलंय, अस्कालेचचा नंबर तिच्याकडे गेल्या वर्षीपासून आहे. मला धरायला इथे दुसरं कोण आहे.

अस्कालेच ताट घेऊन वर आली. दोरो, कोंबडीचा रस्सा, अंडं घातलेला. स्वतःच्या हाताने घास केला. तिला आता ठाऊक आहे मी कोण. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, तिथे सूड शोधत होते. तो सापडला असता तर मी विश्वास ठेवला असता की हा सगळा तिचा डाव आहे.

ती रडत होती. घास नीट धरून, खाली पडू न देता, रडत होती.

मी खाल्ला नाही. खाल्ला नाही म्हणजे अजून काही झालेलं नाही—

तिर २७, संध्याकाळ

गेताहुन मांडवात बसलाय. पाठ माझ्याकडे. बाकावर त्याच्या शेजारी जागा ठेवलीय, थोडीशी. मोठ्या माणसाला पुरणार नाही एवढी.

मी खिडकीतून हाका मारल्या. अस्कालेचसाठी म्हटलं होतं मी. तिच्या दारासाठी. माझ्या नाही. माझ्या नाही रे—

तो वळत नाही.

तिर २८

तुतारी.

लांबून. चढावरून वर येतेय.

खाटेखाली खोका उघडा. बूट नाहीत. कुलूप माझं आहे, आतून लावलेलं. बूट नाहीत.

फटीतून बघितलं. पांढरे नेतेला, सगळ्यांचे काठ खांद्यावर. पुढे अस्कालेच. या वेळी ती सगळं रीतीप्रमाणे करतेय. मागे आबाबा मेकुरिया, मुलू. त्यांच्या मागे राखी स्वेटर, आणि त्याच्या हातात—

नाही बघितलं मी. काही बघितलं नाही.

अस्कालेचच्या दारावरून पुढे आले. थांबले नाहीत.

जिना चढताहेत. पावलं जड, सगळी जड. फक्त एक हलकं. त्या हलक्या पावलाबरोबर अंधाऱ्या जिन्यावर लाल लागतं, विझतं. लागतं—

दार उघडणार नाही. सांगितल्याशिवाय काही झालेलं नसतं. मी ऐकलं नाही तर ती अजून आजीजवळ झोपलेली आहे, जरा ताप आहे, उद्या उठेल, आणि

वुबित, उघड, म्हणताहेत. हळू म्हणताहेत.

दाराखालच्या फटीत लाल. विझलं. थांबलीय ती. दाराशीच थांबलीय. आता पुन्हा ला